वाऱ्याच्या गुहेत

गुहा म्हटली की भारतीय वाचकाच्या मनात सामान्यतः दोन चित्रे उभी राहतात. पहिले अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचे. माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून डोंगराच्या पोटात कोरलेली ही दालने खऱ्या अर्थाने गुहा नव्हेतच. ती शिल्पे होत. दुसरे चित्र आंध्र प्रदेशातील बोरा येथील किंवा मेघालयातील गुहांचे. तेथे चुनखडक आहे, आणि झिरपत्या पाण्याने तो कणाकणाने विरघळवून या पोकळ्या निर्माण केल्या आहेत. पाण्याचे हे काम अतिशय संथ असते व ते आजही थांबलेले नाही.

यांहून सर्वस्वी भिन्न असा एक तिसरा प्रकार आहे आणि तो आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे. ज्वालामुखीतून वाहत आलेला लाव्हारस स्वतःभोवतीच खडकाची नळी तयार करतो, त्या नळीतून पुढे निघून जातो आणि मागे रिकामा बोगदा उरतो. या बोगद्याला लाव्हा-गुहा किंवा लाव्हा-नलिका म्हणतात. तिच्या निर्मितीला युगे लागत नाहीत. काही आठवडे, काही महिने, फार तर काही वर्षे, एवढ्या अवधीत सारे उरकते. उद्रेक संपला आणि नळी थंड झाली म्हणजे तिच्या भिंतींत नवी भर पडत नाही. होते ती पडझड. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, की अशा गुहेत प्रवाशाला मोकळे का सोडत नाहीत आणि एका वेळी मोजकीच माणसे वाटाड्याबरोबर का पाठवतात, याचा उलगडा होऊ लागतो.

प्रस्तुत लेखात ज्या गुहेची आपण ओळख करून घेणार आहोत ती कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ या बेटावर आहे. ही बेटे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरात पसरलेली असून ती स्पेनच्या आधिपत्याखाली आहेत. तेनेरीफच्या मध्यभागी तेइदे हा ज्वालामुखी उभा आहे. त्याची उंची ३,७१५ मीटर असून स्पेनमधील ते सर्वोच्च शिखर होय. तेइदेच्या पश्चिम खांद्याला लागून पिको व्हिएहो, म्हणजे ‘जुने शिखर’, नावाचा दुसरा ज्वालामुखी आहे. सुमारे २७,००० वर्षांपूर्वी या पिको व्हिएहोमधून बेसाल्टी लाव्हा उत्तरेकडील उतारावरून समुद्राच्या दिशेने वाहत गेला. त्याच उतारावर आज इकोद दे लोस विनोस हे गाव वसलेले आहे. नावाचा अर्थ ‘मद्यांचे इकोद’ असा होतो. लाव्हाच्या मातीत द्राक्षे उत्तम येतात, हे गावाच्या नावातच नोंदलेले आहे. गावाच्या वरच्या अंगाला, शेतांच्या आणि घरांच्या खाली, ‘कुएवा देल व्हिएन्तो’, अर्थात ‘वाऱ्याची गुहा’, पसरलेली आहे. तिच्या आतापर्यंत मोजल्या गेलेल्या वाटांची एकूण लांबी १७ ते १८ किलोमीटर भरते. युरोपीय देशांच्या ताब्यातील भूमीवर याहून लांब लाव्हा-गुहा ठाऊक नाही. जगात मात्र हवाई बेटांचा मान पहिला आहे. तेथील काझुमुरा ही गुहा सुमारे ६५ किलोमीटर लांब आहे.

लाव्हाची नळी कशी तयार होते हे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. तापलेले दूध शेगडीवरून उतरवून ठेवले की त्यावर साय धरते. वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालचे दूध पातळ व ऊन राहते. बेसाल्टी लाव्हाचे असेच होते, मात्र तापमान सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते. लाव्हा उतारावरून ओघळू लागला की त्याचा पृष्ठभाग हवेच्या स्पर्शाने काही मिनिटांतच काळवंडतो आणि त्यावर कवच धरते. प्रवाह एखाद्या ओहोळासारखा ठराविक पात्रातून वाहत असेल, तर दोन्ही काठांकडून हे कवच मध्याकडे वाढत जाते आणि शेवटी पात्रावर छप्पर पडते. काही ठिकाणी तरंगत आलेले कवचाचे तुकडे एकमेकांत अडकून तेच काम करतात. सपाट भूमीवर आणखी एक रीत दिसते: लाव्हाचे लहान लहान पंजे पुढे सरकतात, प्रत्येकावर कवच धरते, आतल्या रसाच्या दाबाने ते फुगते, फुटते, आणि त्यातून पुढचा पंजा बाहेर पडतो.

एकदा छप्पर पडले की पुढचे काम सोपे होते. खडक उष्णतेचा मंदवाहक आहे. त्याच्या आवरणाखाली वाहणारा लाव्हा इतका जपला जातो, की एक किलोमीटर अंतर तोडले तरी त्याचे तापमान अंशभराहून क्वचितच अधिक उतरते. उघड्यावरचा प्रवाह थोड्याच अंतरात गोठून थांबला असता. नळीतला प्रवाह कित्येक मैल जाऊन समुद्र गाठतो. वाहता वाहता तो खालचा तळही झिजवतो, त्यामुळे नळी खोल होत जाते. उद्रेकाचा जोर कमीजास्त होईल तशी आतली पातळी वरखाली होते. अखेर उगमाकडून रस येणे थांबते, नळीत उरलेला लाव्हा उताराने निघून जातो आणि बोगदा रिता होतो. लाव्हा-गुहेच्या भिंतीवर आपण जे पाहतो, ते या शेवटच्या काही दिवसांचे दप्तर असते.

येथे दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या वाचकाला एक प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. आपल्या पायांखालचा काळा खडकही बेसाल्टच आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी तोही लाव्हा होऊनच वाहत आला आणि कवचाखाली फुगत फुगत त्याचे थर पसरले, हे भूवैज्ञानिक सांगतात. मग आपल्याकडे अशा गुहा का नाहीत? पश्चिम महाराष्ट्रातील काही ठिकाणी लाव्हा-नलिकांचे व लाव्हा-पाटांचे अवशेष आढळतात असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांना ते मान्य नाही. वाद काहीही असो, रिकाम्या बोगद्याचे आयुष्य भूवैज्ञानिक मापाने अल्प असते, हे लक्षात घ्यावयास हवे. त्याचे छत खचते, त्यावर नवे थर येऊन बसतात, फटींतून पाणी व गाळ शिरतो. २७,००० वर्षांची नळी उभी राहू शकते. कोट्यवधी वर्षे ती तशीच उरावी, ही अपेक्षा करता येत नाही.

आता प्रत्यक्ष भेटीकडे वळू. वाऱ्याची गुहा प्रवाशांसाठी २००८ साली खुली झाली. तीत हवे तेव्हा जाऊन हवे तितके भटकता येत नाही. आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि एका तुकडीत १६ हून अधिक माणसे घेत नाहीत. सबंध भेटीला सुमारे दोन तास लागतात. पायांत टाच व बोटे झाकणारे मजबूत बूट असावे लागतात. उघड्या चपला घालून आलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. हा नियम प्रथमदर्शनी जाचक वाटेल. लाव्हाची जमीन ज्याने एकदा हाताने चाचपून पाहिली आहे तो त्याविषयी तक्रार करणार नाही. थिजताना वायूचे बुडबुडे फुटून तिच्यावर काचेसारखे धारदार कंगोरे उमटलेले असतात, आणि अशा जमिनीवर घसरून पडणे म्हणजे किसणीवर हात घासणे होय.

आरंभी स्वागतकक्षात वाटाड्या गुहेची माहिती सांगतो, नकाशा दाखवतो. त्यानंतर तुकडी उतारावरून गुहेच्या तोंडाकडे चालत जाते. या चालण्याला पुष्कळ प्रवासी केवळ वाट समजतात, आणि ते मोठी गोष्ट गमावतात. वाटेच्या कडेला लाव्हाचे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. एक दोरखंडासारख्या वळ्या पडलेला, गुळगुळीत; गुळाचा घट्ट पाक ताटात ओतताना त्याच्या जशा घड्या पडतात तसा. दुसरा चुरगळलेल्या ढेकळांचा, ओबडधोबड. यांना अनुक्रमे ‘पाहोएहोए’ व ‘आआ’ अशी हवाई बेटांवरील नावे आहेत आणि जगभरच्या भूविज्ञानाने ती जशीच्या तशी स्वीकारली आहेत. त्यांना मराठी प्रतिशब्द घडविण्याच्या खटाटोपात पडण्याचे कारण दिसत नाही; ज्या लोकांनी लाव्हा पिढ्यान्‌पिढ्या पाहिला त्यांनीच त्याला नावे द्यावीत हे योग्य. गुहा बहुतेक पाहोएहोएमध्येच होतात. या उतारावर कॅनरी पाइन हा वृक्षही दिसतो. वणव्याने होरपळून काळे पडलेले त्याचे खोड पुन्हा पालवते. ज्वालामुखीच्या बेटावर टिकून राहावयाचे तर असा गुण अंगी असावाच लागतो.

गुहेचे तोंड म्हणजे छत कोसळून पडलेले एक विवर. अशा विवराला कॅनरी बेटांवर ‘हामेओ’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ग्वांचे लोकांच्या, भाषेतून आला असे मानतात. स्पेनने १४९६ साली तेनेरीफ पूर्णपणे जिंकले. ग्वांचे आपल्या मृतांना गुहांमध्ये ठेवीत आणि त्यांपैकी काहींची शरीरे जपून वाळवीत असत. बेटावरील गुहा त्यांच्या दृष्टीने राहण्याच्या, गुरे बांधण्याच्या आणि पितरांच्या जागा होत्या, हे आत पाऊल टाकताना आठवावे.

तोंडाशी प्रत्येकाला शिरस्त्राण मिळते व त्यावर विजेरीचा दिवा बसविलेला असतो. आत विजेच्या तारा नाहीत, रंगीत दिवे नाहीत, संगीत नाही. प्रवासी जेथे पाहील तेवढाच भाग उजळतो. या एका गोष्टीमुळे पाहण्याची रीतच पालटून जाते. दिव्यांनी झगमगलेल्या दालनात माणूस एका दृष्टिक्षेपात सर्व पाहतो आणि पुढे सरकतो. येथे भिंत वाचावी लागते, आणि वाचून दाखविणारा कोणी तरी बरोबर असावा लागतो.

भिंतीवर पहिल्याने नजरेत भरतात त्या आडव्या रेषा. तलावाचे पाणी ओसरताना काठावर जशा खुणा उरतात, तशा लाव्हाची पातळी जेथे जेथे काही काळ स्थिर राहिली तेथे तेथे या रेषा उमटल्या आहेत. पातळी अधिक काळ टिकली असेल तर रेषेच्या जागी ओटा तयार झालेला असतो. दोन्ही बाजूंना ओटे आणि मध्ये खोल पात्र, अशी रचना कित्येक जागी दिसते. भिंतीचा आतला लेप काही ठिकाणी अजून ऊन असतानाच सोलवटून गुंडाळीसारखा खाली घसरला आहे. छताकडे दिवा वळविला की बोटभर लांबीचे सुळके लोंबताना दिसतात. चुनखडकाच्या गुहांतील अधोमुखी लवणस्तंभांशी यांचे रूप जुळते, जात जुळत नाही. तापलेल्या वायूंमुळे छताचा पृष्ठभाग पुन्हा वितळला, त्याचे थेंब ओघळले आणि ओघळता ओघळताच थिजले. त्यांचे हे सुळके. लवणस्तंभ मोडला तर निदान पाणी तरी ठिबकत असते, काही सहस्र वर्षांनी तेथे पुन्हा काही उभे राहील अशी आशा करता येते. लाव्हाचा सुळका मोडला की तो मोडला. तो पुन्हा घडवावयाचा तर पर्वताला पुन्हा पेटावे लागेल.

तुकडीतील माणसांची संख्या ठरविताना या सुळक्यांचा विचार आधी करावा लागतो. वाट अरुंद, छत जागोजागी ठेंगणे. सोळाव्या माणसापर्यंत वाटाड्याचा आवाज पोचतो, आणि सोळाव्या माणसाचे डोके कोठे आहे हे वाटाड्याला दिसते. चाळीस माणसांच्या रांगेत शेवटची दहा माणसे काय ऐकतात आणि कशाला हात लावतात, हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रवाशांना गुहेचा जो भाग दाखवितात तो सुमारे २०० मीटर लांबीचा आहे. १८ किलोमीटरांपैकी दोनशे मीटर! पैसे मोजून आलेल्या माणसाला हे प्रमाण फसवणुकीसारखे वाटण्याचा संभव आहे. परंतु गुहेचे माप लांबीने घेण्यात अर्थ नाही. नळी कशी झाली हे सांगणाऱ्या बहुतेक खुणा या दोनशे मीटरांत आढळतात, आणि त्या नीट पाहावयाच्या तर तेवढ्यालाच वेळ अपुरा पडतो. उरलेल्या वाटांपैकी पुष्कळशा अशा आहेत की तेथे सरपटत जावे लागते.

या गुहेचे एक वैशिष्ट्य मात्र जगात दुर्मिळ आहे. तिच्यात एकावर एक असे तीन मजले आहेत. वेगवेगळ्या पातळ्यांवर वाहिलेल्या प्रवाहांचे बोगदे खोल विवरांनी परस्परांना जोडले गेले आहेत. १९७०च्या दशकात ब्रिटिश गुहाशोधकांनी येथे मोजणी केली तेव्हा हा चक्रव्यूह कागदावर उतरू लागला, आणि बेटावरच्या शोधकांनी ते काम पुढे नेले. ‘वाऱ्याची गुहा’ हे नावही या रचनेमुळेच सार्थ झाले आहे. गुहेची तोंडे डोंगरावर निरनिराळ्या उंचीवर आहेत. आतल्या हवेचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, बाहेरचे बदलते. बाहेर गारठा असला की आतली उबदार, हलकी हवा वर चढून वरच्या तोंडातून निघते आणि खालच्या तोंडाने गार हवा आत ओढली जाते. बाहेर उष्मा असला की हाच प्रवाह उलटा होतो. घराच्या धुराड्याचे तत्त्व याहून वेगळे नाही.

भेटीच्या ओघात वाटाड्या सर्वांना दिवे मालवावयास सांगतो. घरातला काळोख आणि हा काळोख यांत फरक आहे. घरात डोळे हळूहळू सरावतात. येथे कितीही वेळ थांबले तरी स्वतःचा हात दिसत नाही, कारण सरावण्यासाठी प्रकाशाचा कणही उपलब्ध नाही. या काळोखात कोणी राहत असेल अशी कल्पना येत नाही. शास्त्रज्ञांनाही ती बराच काळ आली नव्हती. डोळे गमावलेले गुहावासी प्राणी समशीतोष्ण प्रदेशांतील प्राचीन चुनखडी गुहांतच असावेत, तरुण ज्वालामुखी बेटांवर ते असणार नाहीत, असा समज रूढ होता. १९७१ मध्ये फ्रान्सिस हॉवर्थ या कीटकशास्त्रज्ञाला हवाईतील लाव्हा-गुहांत असे प्राणी आढळले आणि तो समज कोसळला. पुढे १९८०च्या दशकात तेनेरीफवरील ला लागुना विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅनरी बेटांच्या गुहा तपासावयास घेतल्या.

वाऱ्याच्या गुहेतून आजवर सुमारे १९० जातींचे प्राणी नोंदले गेले आहेत. त्यांतील बहुतेक अपृष्ठवंशी होत. यांपैकी चाळीसहून अधिक जाती केवळ भूगर्भातच राहणाऱ्या आहेत, आणि सुमारे पंधरा जाती तर विज्ञानाला पूर्वी अज्ञात होत्या. त्यांच्यातील एक नामांकित रहिवासी म्हणजे एक झुरळ. १९८७ साली वर्णन केल्या गेलेल्या या जातीचे शास्त्रीय नाव ‘लोबोप्टेरा सबटेरेनिया’. स्वयंपाकघरातल्या झुरळाशी त्याची तुलना करून नाक मुरडण्याचे कारण नाही. या जीवाला डोळे नाहीत, पंख नाहीत, रंग फिकट आहे आणि मिशा व पाय लांब आहेत. काळोखात डोळ्यांवर शक्ती वेचण्यापेक्षा स्पर्शावर वेचणे त्याच्या वंशाला लाभाचे ठरले.

येथे एक कोडे उभे राहते. डोळे नाहीसे होण्याइतका बदल घडावयास बराच काळ लागतो. गुहा तर अवघी २७,००० वर्षांची. मग हे प्राणी तीत तयार कसे झाले? याचे उत्तर असे की ते या गुहेत तयार झालेच नाहीत. तेनेरीफ बेट काही दशलक्ष वर्षे जुने आहे. त्याच्या लाव्हा-थरांत बारीक भेगांचे, चिरांचे आणि पोकळ्यांचे एक अखंड जाळे पसरलेले आहे. हे प्राणी त्या जाळ्यात राहतात, जुना थर गाळाने बुजू लागला की नव्या थराच्या भेगांत सरकतात. छतातून लोंबणारी झाडांची मुळे आणि पाण्याबरोबर वाहत आलेला पालापाचोळा हे त्यांचे अन्न. माणूस शिरू शकेल एवढी रुंद झालेली भेग म्हणजे गुहा. ही आपली व्याख्या आहे, झुरळाची नव्हे. त्याच्या लेखी गुहा हे त्याच्या देशातले एक मोठे मैदान आहे इतकेच.

हे उत्तर कळले की गुहेच्या रक्षणाचा प्रश्न वेगळ्याच प्रकारे पुढे येतो. दाराला कुलूप घातले आणि माणसे मोजून आत सोडली, तरी काम अर्धेच होते. वरच्या उतारावर घरे आहेत, शेते आहेत. भेगाळ खडक पाणी धरून ठेवीत नाही. घरांचे सांडपाणी असो की शेतात घातलेली औषधे असोत, ती त्याच जाळ्यातून खाली उतरतात. प्रवाशांच्या सोळा जोडी पावलांपेक्षा हा धोका मोठा आहे, असे माझे मत आहे. पण सांडपाण्याची व्यवस्था करावयाची म्हणजे गावाच्या खर्चाचा प्रश्न येतो, घरे बांधण्याच्या हक्काचा प्रश्न येतो. ज्या कुटुंबाची द्राक्षबाग गुहेच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे त्याला एका आंधळ्या झुरळासाठी नियम पाळावयास सांगणे सोपे नाही. गुहा पाहावयास माणसे येतात आणि त्यातून गावाला काही मिळते, हा त्या संवादातला एक उपयोगी मुद्दा आहे. म्हणून गुहा सर्वस्वी बंद ठेवावी असे म्हणणारे तज्ज्ञ आणि ती सताड उघडी टाकावी असे म्हणणारे व्यापारी, या दोघांच्या मधला हा लहान तुकडीचा मार्ग मला ग्राह्य वाटतो.

दुसरा मार्ग कसा असतो ते पाहावयाचे असेल तर त्याच द्वीपसमूहातील लांझारोते बेटावर जावे. तेथे कोरोना ज्वालामुखीने निर्माण केलेली एक प्रचंड लाव्हा-नलिका समुद्राच्या तळाखालीही गेलेली आहे. तिचा ‘कुएवा दे लोस वेर्देस’ हा भाग १९६४ साली लोकांसाठी खुला झाला. सोळाव्या-सतराव्या शतकांत चाचे आणि गुलाम पकडणारे आले की बेटावरचे लोक तीत लपून बसत. आज ती मोठ्या तुकड्यांनी पाहिली जाते. हेसूस सोतो या कलावंताने तेथे केलेली दिव्यांची योजना सुंदर आहे, हे मान्य केले पाहिजे. पण गुहेत कायमचे दिवे लावले की त्यांच्याभोवती शेवाळ धरते, असा जगभरच्या दिवे लावलेल्या गुहांचा अनुभव आहे. जेथे कधी सूर्य पोचला नाही तेथे हिरवळ उगवते आणि मूळच्या रहिवाशांच्या जगात परकी वस्ती होते.

याच नलिकेच्या ‘हामेओस देल आगुआ’ या भागात खाऱ्या पाण्याचा एक तलाव आहे. त्यात पांढरा, आंधळा, अगदी लहान असा खेकड्याच्या जातीचा एक प्राणी राहतो. त्याचे आप्त खोल समुद्रात आढळतात. नवस बोलून पाण्यात नाणे टाकण्याची हौस आपल्याइतकीच युरोपीय प्रवाशांनाही आहे. नाण्यांचा धातू गंजून पाण्यात उतरतो आणि तो या प्राण्याला घातक ठरतो, म्हणून तेथे नाणी टाकण्यास मनाई करावी लागली. टाकणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. गर्दीत प्रत्येकाच्या हाताकडे लक्ष ठेवणारा कोणी नव्हता, एवढेच.

अशा भेटीला जाणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. आदल्या दिवशीच्या चिखलाचे बूट स्वच्छ करून घालावेत, कारण मातीबरोबर परके बीज आणि बुरशी आत जाते. खाण्याचे पदार्थ नेऊ नयेत. सांडलेला एक तुकडा काळोखातल्या उपाशी जगात मोठा गोंधळ घडवितो. तोल गेला तर हात भिंतीला न टेकता वाटाड्या दाखवील तेथे टेकावा. ज्यांना कोंडलेल्या जागेची भीती वाटते त्यांनी ते आधी सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि माणसे थोडी असली म्हणजे वाटाड्याला एखाद्यासाठी थांबणे जमते. खडे गोळा करण्याचा मोह टाळावा हे सांगावयास नको.

बाहेर आल्यावर वाटाड्याला आवर्जून विचारण्यासारखा एक प्रश्न आहे: हे सारे पुन्हा घडेल काय? इकोदच्या शेजारीच गारचिको हे बंदर आहे. ते एकेकाळी बेटाचे प्रमुख बंदर होते. मे १७०६ मध्ये डोंगरावरून उतरलेल्या लाव्हाने त्याचा बराचसा भाग भरून टाकला आणि व्यापार दुसरीकडे गेला. तेनेरीफवरील अखेरचा उद्रेक नोव्हेंबर १९०९ मध्ये चिन्येरो येथे झाला. शेजारच्या ला पाल्मा बेटावर तर १९ सप्टेंबर २०२१ रोजी भूमी फाटली आणि १३ डिसेंबरपर्यंत लाव्हा वाहत राहिला. तोदोके हे गाव त्याखाली गाडले गेले, दीड हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. तेथेही लाव्हाने स्वतःवर छप्पर घातले आणि नळ्यांतून तो समुद्रापर्यंत पोचला. उद्रेक थांबल्यावर त्या नळ्या रित्या झाल्या, आणि शास्त्रज्ञ त्यांच्या तोंडाशी उपकरणे घेऊन गेले. त्यांपैकी काहींतली हवा कित्येक महिन्यांनंतरही इतकी तापलेली होती की माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हते.